कलंकाची घडण : मराठी ऐतिहासिक साहित्यातील तीन कुप्रसिद्ध व्यक्तिरेखा

प्रास्ताविक

पुण्यवंतांची चरित्रे समाज आदराने जपतो. पापी ठरलेल्यांची चरित्रे मात्र तो आवडीने सांगतो. जगाच्या इतिहासात अशा कुप्रसिद्ध व्यक्तींची मालिका मोठी आहे. रोमचा सम्राट नीरो याचे नाव आजही क्रौर्य आणि विलास यांचा प्रतिशब्द म्हणून वापरले जाते. त्याची ही प्रतिमा मुख्यतः टॅसिटस, स्युटोनियस आणि डिओ कॅसिअस या तीन लेखकांच्या आधारे उभी आहे. हे तिघेही नीरोच्या मृत्यूनंतर (इ. स. 68), म्हणजे त्याचे राजघराणे संपुष्टात आल्यानंतर, लिहीत होते. नीरो निर्दोष होता असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरलेले नाही, त्याच्याविषयी लिहिताना लेखणीला फारसा लगाम राहत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मराठी ऐतिहासिक साहित्यातही अशा कलंकित व्यक्तिरेखा आहेत. त्यांपैकी छत्रपती संभाजी महाराज, आनंदीबाई पेशवे आणि घाशीराम कोतवाल या तिघांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या तिघांची योग्यता, कर्तृत्व आणि अपराध यांत कोणतेही साम्य नाही. त्यांना एका पंक्तीत बसविण्याचा येथे हेतूही नाही. साम्य आहे ते त्यांच्याविषयी घडलेल्या लेखनात. तिघांनाही कधी ना कधी मराठी साहित्याने 'पापी' या साच्यात घातले. पुढे मात्र तिघांची गती निराळी झाली. एकाचा कलंक पुसला गेला, एकीचा तसाच राहिला आणि एकाच्या कलंकाचा उपयोग दुसऱ्याच कोणावर आरोप ठेवण्यासाठी झाला. असे का झाले, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन शब्दांतील भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. 'अपराध' हा कृतीशी संबंधित असतो व तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. 'पाप' ही धर्मविचारातील कल्पना असून तिला प्रायश्चित्ताची सोय आहे. 'कलंक' मात्र लोकांच्या तोंडी राहतो. त्याला पुरावा लागत नाही आणि प्रायश्चित्ताने तो धुतलाही जात नाही. ऐतिहासिक साहित्य अनेकदा अपराधाची चौकशी करीत असल्याचा आव आणते आणि प्रत्यक्षात कलंकाचे पोषण करते.

संभाजी महाराज : बखर ते पुनर्मूल्यांकन

संभाजी महाराजांची (1657–1689) उच्छृंखल, व्यसनी व क्रूर अशी जी प्रतिमा दीर्घकाळ रूढ होती, तिच्या मुळाशी मुख्यतः मल्हार रामराव चिटणीस यांची बखर आहे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या वधानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, लिहिली गेली. हे कालांतर जसे महत्त्वाचे आहे, तसेच बखरकाराचे घराणेही महत्त्वाचे आहे. 1681 साली राजद्रोहाच्या आरोपावरून ज्यांना देहान्त शासन झाले, त्यांत अण्णाजी दत्तो यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीस हेही होते, आणि मल्हार रामराव हे त्याच घराण्यातील वंशज. घराण्यातील दुःखाची स्मृती लेखनात उतरणे अस्वाभाविक नाही. परंतु एका घराण्याची ती स्मृती पुढे साऱ्या समाजाची स्मृती बनली, हे लक्षात घेतले पाहिजे.

नाटककारांना ही सामग्री आयती मिळाली. पराक्रमी पित्याचा वाट चुकलेला पुत्र, भोगात बुडालेले तारुण्य आणि अखेरीस तेजस्वी मरण, हा शोकात्मिकेचा पुरेपूर ऐवज होता. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण राहिलेले व मरणोत्तर प्रसिद्ध झालेले 'राजसंन्यास', तसेच विष्णू हरि औंधकर यांचे 'बेबंदशाही' (1924) ही या प्रवृत्तीची ठळक उदाहरणे होत. तुळसा, थोरातांची कमळा यांसारख्या स्त्री-व्यक्तिरेखा या काळात इतक्या प्रभावी झाल्या की, प्रेक्षकांना त्या इतिहासाइतक्याच खऱ्या वाटू लागल्या. या नाटकांतील संभाजी महाराजांच्या अखेरच्या मरणाला प्रेक्षकांनी मनापासून दाद दिली हे खरे. पण त्या मरणाचे तेज वाढावे म्हणून आधीचे जीवन अधिकाधिक काळे रंगविण्याची गरज नाट्यरचनेतूनच निर्माण झाली होती, हेही तितकेच खरे.

हे चित्र बदलले ते दप्तरांच्या आधारे. वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चार दशकांच्या संशोधनानंतर 1960 साली संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' (1971) हा ग्रंथ आला. समकालीन कागदपत्रे, परकीयांचे वृत्तान्त आणि 'बुधभूषण' हा महाराजांच्या नावावरील संस्कृत ग्रंथ यांच्या साहाय्याने मोगल, सिद्दी व पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजणारा राज्यकर्ता अभ्यासकांसमोर उभा राहिला. साहित्यानेही वळण घेतले. वसंत कानेटकरांचे 'इथे ओशाळला मृत्यू' (1968), शिवाजी सावंतांची 'छावा' (1979) आणि विश्वास पाटील यांची 'संभाजी' (2005) या कृतींनी जुनी प्रतिमा जवळजवळ पुसून टाकली.

हे पुनर्मूल्यांकन आवश्यक होते आणि त्याचे मोल मोठे आहे. तथापि समीक्षेने येथे थांबून चालणार नाही. पापी पुरुषाच्या साच्याऐवजी निष्कलंक पुरुषाचा साचा आला की साच्याची सवय तशीच राहते. 1681 मधील देहान्त शासने हे याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या साहित्यात ती क्रौर्याची कृत्ये होती, नव्या साहित्यात ती फितुरांना मिळालेली रास्त शिक्षा झाली. राजाराम महाराजांना गादीवर बसविण्याचा प्रधानमंडळातील काहींचा प्रयत्न, सोयराबाईंचा पक्ष, नव्या राज्यातील वारशाच्या नियमांची अनिश्चितता आणि दोनदा उघडकीस आलेले कट यांचा एकत्रित विचार केला, तर हा प्रश्न व्यक्तीच्या स्वभावापेक्षा राज्यसंस्थेच्या घडणीचा ठरतो. 1678 साली युवराज संभाजी महाराज दिलेरखानाकडे गेले, या घटनेलाही हेच लागू पडते. दोन्ही प्रकारच्या साहित्याने हे प्रश्न स्वभावचित्रणात विरघळविले.

कलंकाची आणि गौरवाची ही लढाई ग्रंथांपुरती राहिलेली नाही. जानेवारी 2017 मध्ये पुण्यातील संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून टाकण्यात आला. त्यामागे 'राजसंन्यास'मधील चित्रणाविषयीचा रोष होता. शतकापूर्वी मृत्यू पावलेल्या नाटककाराला असे उत्तर देण्याने त्याच्या नाटकाची चिकित्सा होत नाही. गडकऱ्यांनी कोणत्या साधनांवर विश्वास ठेवला आणि का ठेवला, हा प्रश्न उलट झाकला जातो. बेंद्रे यांनी बखरीला उत्तर दिले ते कागदपत्रांनी. हा धडा दोन्ही पक्षांना लागू आहे.

आनंदीबाई : एका अक्षराची आख्यायिका

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांकडून वध झाला. या घटनेविषयी मराठी माणसाला दोन गोष्टी हमखास ठाऊक असतात. एक, रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. दोन, रघुनाथरावांनी 'धरावे' असे लिहिले होते, पण आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' करून 'मारावे' असे केले. या दोन्ही कथा शाळेपासून शेजारीशेजारी सांगितल्या जातात. त्या एकमेकींशी विसंगत आहेत, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. रामशास्त्र्यांच्या कथेत मुख्य अपराधी रघुनाथराव आहेत. अक्षरबदलाच्या कथेत ते केवळ पुतण्याला कैद करू इच्छिणारे महत्त्वाकांक्षी काका उरतात व वधाचा भार पत्नीकडे सरकतो. म्हणजे ही आख्यायिका जितकी आनंदीबाईंवर आरोप करणारी आहे, तितकीच ती रघुनाथरावांचा बचाव करणारीही आहे.

असा बदल केलेला मूळ कागद पुराव्यादाखल उपलब्ध नाही. पेशवाईतील दैनंदिन पत्रव्यवहार मोडी लिपीत चालत असे. ही कथा मात्र पिढ्यान्‌पिढ्या देवनागरीतील अक्षरखेळ म्हणूनच सांगितली गेली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. कथेची खरी ताकद पुराव्यात नसून तिच्या रचनेत आहे. साऱ्या राज्याचे भवितव्य एका अक्षरावर तोलले जाते आणि ते अक्षर बदलणारा हात स्त्रीचा असतो. तलवार चालविणारे गारदी, कटात सामील असलेले तुळाजी पवारसारखे सेवक, फितुरीकडे कानाडोळा करणारे कारभारी हे सारे या एका अक्षरामागे दिसेनासे होतात. स्त्रीच्या हाती लेखणी आली तर काय अनर्थ ओढवेल, याविषयीचे जुने भय या कथेत दडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाला विरोध करणाऱ्या समाजात अशी कथा रुजणे सोपे होते.

नाटककारांनी ही व्यक्तिरेखा अधिक गडद केली. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (1909) या नाटकातील आनंदीबाई आणि शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ यांच्यातील नाते समीक्षकांनी पूर्वीच दाखविले आहे. हे नाते नाट्यदृष्ट्या प्रभावी असले, तरी त्याचा एक परिणाम झाला. मराठी आख्यायिकेला जागतिक साहित्यातील एका मोठ्या व्यक्तिरेखेची प्रतिष्ठा मिळाली आणि आनंदीबाईंचा कलंक अभिजात ठरला. प्रभात कंपनीच्या 'रामशास्त्री' (1944) या चित्रपटाने तो पडद्यावर आणला. येथे एक भेद नोंदविला पाहिजे. लेडी मॅकबेथच्या मनातील अपराधाची टोचणी शेक्सपिअर दाखवितो. तिला निद्रेतही शांतता नाही. लोकपरंपरेतील आनंदीबाईंना अशी आंतरिक बाजू बहुधा लाभतच नाही. कागदावरचे एक अक्षर बदलले की त्यांचे कथेतील कार्य संपते.

त्यांचे उर्वरित आयुष्य मात्र संपले नव्हते. पतीच्या पक्षाचा पाडाव, इंग्रजांशी झालेले करार, युद्ध आणि त्यानंतरची अवनती त्यांनी पाहिली. 1783 साली कोपरगाव येथे रघुनाथरावांचा मृत्यू झाला. त्यानंतर कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली मुलांना वाढवीत आनंदीबाईंनी आणखी दशकभर काढले व 1794 साली त्यांचे निधन झाले. वीस वर्षांहून अधिक काळाचा हा कालखंड मराठी साहित्याला फारसा आकर्षक वाटलेला नाही. कलंकित स्त्रीच्या आयुष्यात तिच्या 'पापा'नंतर सांगण्यासारखे काही नसते, अशी समजूत त्यामागे असावी.

भाषेचाही येथे विचार करावा लागेल. बोलण्यात व लेखनात रघुनाथराव 'राघोबादादा' किंवा 'दादासाहेब' राहतात. आनंदीबाई मात्र सहज एकेरीवर येतात. मराठीतील आदरार्थी बहुवचन हे अनेकदा निवाड्याचे साधन बनते. चौकशी होण्यापूर्वीच सर्वनाम निकाल देऊन टाकते.

आनंदीबाईंच्या बाजूने बेंद्रे यांच्यासारखा निष्ठेने झटणारा संशोधक, त्यांच्यासारखे दीर्घ परिश्रम करून, पुढे आला नाही. याचे एक कारण उघड आहे. त्यांचा पुत्र दुसरा बाजीराव याच्या हातून 1818 मध्ये पेशवाई गेली. त्यामुळे त्या शाखेचा अभिमान बाळगणारा कोणताही गट समाजात उरला नाही. ज्या व्यक्तीच्या नावाने कोणाची अस्मिता उजळत नाही, तिच्या कलंकाची फेरतपासणी करण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

घाशीराम : खरा अपराध आणि सोयीचा अपराधी

पहिल्या दोन उदाहरणांवरून कुप्रसिद्धी नेहमी खोटीच असते, असा निष्कर्ष कोणी काढील. घाशीराम सावळदास याचे उदाहरण तो खोडून काढते. उत्तरेकडून आलेला हा कनौजी ब्राह्मण 1777 साली पुण्याचा कोतवाल झाला आणि सुमारे चौदा वर्षे त्या पदावर राहिला. ऑगस्ट 1791 मध्ये त्याच्या हुकमाने तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा अरुंद जागेत कोंडण्यात आला व त्यांपैकी बरेच जण गुदमरून मरण पावले. मृतांची संख्या सामान्यतः एकवीस अशी दिली जाते. मानाजी फाकडे यांनी कुलपे तोडून उरलेल्यांना बाहेर काढले, जमाव खवळला, दरबारने घाशीरामाला त्याच्या स्वाधीन केले आणि 31 ऑगस्ट रोजी दगडांनी ठेचून त्याचा अंत करण्यात आला. येथे अपराध घडला होता, माणसे खरोखर मेली होती.

परंतु अपराध खरा असला तरी अपराध्यांची यादी पूर्ण असतेच असे नाही. चौदा वर्षे हा कोतवाल रात्रीचा बंदोबस्त, चोरीचा तपास, दंडवसुली ही कामे सरकारच्या वतीने करीत होता. त्याला नेमणारे, त्याच्या तक्रारी ऐकून न ऐकल्यासारखे करणारे व वसुलीचा लाभ घेणारे दुसरेच होते. एका दिवसात एका देहावर दगड पडले आणि चौदा वर्षांच्या कारभाराचा हिशेब चुकता झाला, असे मानण्यात सर्वांचीच सोय होती. जमावाच्या शिक्षेमुळे चौकशी टळली, आणि चौकशी टळल्यामुळे कारभार वाचला.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाने नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग केला. आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी स्पष्ट केले होते. तरीही नाना फडणवीस व पुण्याचा ब्राह्मण समाज यांच्या चित्रणावरून मोठे वादळ उठले. संस्थेने प्रयोग थांबविले, कलावंतांनी बाहेर पडून 1973 साली थिएटर अकॅडमीची स्थापना केली आणि 1974 पासून नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. माणसांची भिंत, कीर्तन-दशावताराच्या अंगाने जाणारी रचना आणि घाशीरामाच्या अंतानंतर नानांनी जाहीर केलेला उत्सव यांमधून सत्ता आपला हस्तक कसा निर्माण करते व गरज संपताच त्याला कसा फेकून देते, हे सूत्र प्रखरपणे व्यक्त झाले.

तेंडुलकरांच्या या कामगिरीचे महत्त्व मान्य करूनही एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. कन्या देऊन कोतवाली मिळविल्याची कथा नाटकात नानांच्या विरोधात वापरली आहे. तिच्यासाठी दप्तरातील आधार दाखविता येत नाही. म्हणजे घाशीरामाच्या कलंकाची चिकित्सा करण्यासाठी नानांवर दुसरा कलंक उभा करावा लागला. संभाजी महाराजांविषयीच्या नाटकांनी जे केले, त्याहून ही पद्धत तत्त्वतः निराळी नाही. 'हे ऐतिहासिक नाटक नव्हे' असे सांगून नाटककाराला स्वातंत्र्य मिळते. प्रेक्षक मात्र नाव ऐकतो आणि इतिहासच पाहतो. ही अडचण गडकऱ्यांपुढे होती, तीच तेंडुलकरांपुढेही होती. गडकऱ्यांना दोष देताना आणि तेंडुलकरांचा गौरव करताना समीक्षेने दोन मापे वापरली असतील, तर ती तपासून पाहिली पाहिजेत. दोघांत भेद करता येतो, पण तो कलाकृतीच्या हेतूवरून व रचनेवरून करावा लागेल. आपल्या सहानुभूतीवरून नव्हे.

नाटकाभोवतीच्या वादाची दिशाही उद्बोधक आहे. सारी चर्चा नानांची बदनामी झाली की नाही याभोवती फिरली. घाशीरामाविषयी कोणाला वाईट वाटले नाही हे समजण्यासारखे आहे. पण कोंडून मेलेल्या त्या परप्रांतीय ब्राह्मणांविषयीही त्या वादात कोणी फारसे बोलले नाही. त्यांची नावे लोकस्मृतीत नाहीत. कोतवालाचे नाव मात्र मराठी भाषेत कायमचे राहिले. पापी व्यक्तींच्या कथांचे हे एक सार्वत्रिक लक्षण आहे. त्या पाप करणाऱ्याला अमर करतात आणि ज्यांनी ते पाप सोसले त्यांना विसरतात.

घाशीरामाला आदरार्थी बहुवचन कोणीच दिलेले नाही. प्रस्तुत विवेचनही त्या रूढीपासून मुक्त नाही, हे येथे मान्य केले पाहिजे.

निष्कर्ष

या तीन उदाहरणांच्या विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

1. कलंक हा बहुधा नंतर लिहिणाऱ्यांची निर्मिती असतो. म्हणून व्यक्तीच्या कृत्यांइतकीच तिच्याविषयी लिहिणाऱ्याचा काळ, घराणे व हितसंबंध यांची तपासणी आवश्यक आहे.

2. कलंक खोटाच असतो असे गृहीत धरणे हीही एक चूक आहे. घाशीरामाचा अपराध खरा होता. प्रश्न असतो तो त्या अपराधात आणखी कोण सहभागी होते हा.

3. कोणाचे पुनर्मूल्यांकन होणार हे केवळ पुराव्यावर ठरत नाही. मृत व्यक्तीच्या बाजूने उभा राहणारा समाजगट असावा लागतो. संभाजी महाराजांना तो लाभला, आनंदीबाईंना लाभला नाही. या फरकात स्त्रीविषयीच्या दृष्टिकोनाचा वाटा मोठा आहे.

4. पापी साच्याच्या जागी पुण्यवान साचा ठेवल्याने इतिहासाची समज वाढत नाही. दोन्ही साचे राज्यसंस्था, वारसा, कारभार यांचे प्रश्न व्यक्तीच्या स्वभावात बुडवून टाकतात.

'भाऊबंदकी', 'राजसंन्यास' किंवा 'घाशीराम कोतवाल' ही नाटके महाविद्यालयीन वर्गात शिकविली जातात, तेव्हा 'हे चित्रण इतिहासाला धरून आहे काय' या नेहमीच्या प्रश्नावरच चर्चा संपते. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. ही व्यक्ती पापी ठरल्यामुळे कोणाची सुटका झाली? अक्षरबदलाच्या कथेत रघुनाथरावांची झाली, दगडांच्या शिक्षेत कारभाऱ्यांची झाली, आणि बखरीत फितुरीच्या आरोपाखाली मारल्या गेलेल्या घराण्याची झाली. ज्या नाटकाला हा प्रश्न विचारता येतो, ते नाटक विद्यार्थ्याला निंदा आणि न्याय यांतील अंतर शिकवून जाते. आजच्या सार्वजनिक जीवनात इतिहासपुरुषांच्या नावाने पुतळे उभारले आणि पाडले जात असताना, हे अंतर ओळखता येणे ही साहित्याच्या अभ्यासाकडून ठेवता येईल अशी रास्त अपेक्षा आहे.